यात हसायचं काय? राजकीय व्यंगचित्र समजून घेताना

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या ज्या सलूनमध्ये मी केस कापायला जातो, तिथं सकाळी पेपर आला की आधी व्यंगचित्र बघितलं जातं, मग कुस्तीच्या मैदानाची बातमी, आणि नंबर यायला वेळ असला तर बाकीचं. मागे एका पावसाळ्यात बाकड्यावर बसलेल्या कॉलेजच्या पोरानं चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, "यात हसायचं काय हाय?" शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "हसायचं न्हाईच ते, बाळा. नीट बघ." पोरगं बघत राहिलं. तेवढ्यात मास्तरांचा नंबर आला आणि बोलणं तिथंच राहिलं.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी बरीच वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो. रोज संध्याकाळी व्यंगचित्र माझ्या टेबलावर यायचं आणि पानात त्याची जागा मी ठरवायचो. पण ते वाचायचं कसं, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मलाही कुणी सांगितलं नव्हतं. अग्रलेखावर पत्रकारितेच्या वर्गात तासन्‌तास बोलतात, व्यंगचित्राला मात्र ‘जरा गंमत’ म्हणून सोडून देतात. माझ्या मते तोही अग्रलेखच आहे, दहा सेकंदांत वाचायचा. तो लिहिणारा माणूस कसा घडतो, दिवसभर काय करतो आणि त्याच्यावर काय काय गुदरतं, हे त्या पोराला सांगावं तसं इथं सांगतो.

आधी शब्दच बघू. ‘व्यंग’ म्हणजे दोष, उणेपणा. त्यामुळं कुणाच्या तरी उणेपणावर बोट ठेवायचं ते व्यंगचित्र, असा समज होतो. पण शाळेच्या व्याकरणात आपण शब्दशक्ती शिकलो होतो: अभिधा, लक्षणा, व्यंजना. ‘सूर्य मावळला’ एवढंच म्हटलं तर गुराख्याला गुरं घराकडं वळवायची आठवण होते, पुजाऱ्याला संध्येची आणि चोराला त्याच्या कामाची. वाक्य एकच. न बोललेला जो अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो, तो व्यंग्यार्थ. राजकीय व्यंगचित्र या व्यंजनेवर चालतं. कागदावर एक काढलेलं असतं, सांगायचं दुसरंच असतं, आणि मधलं अंतर वाचकानं स्वतः ओलांडायचं असतं. ओलांडलं की डोक्यात लख्ख उजेड पडतो. त्या उजेडात कधी हसू येतं, कधी चीड, तर कधी नुसताच आवंढा.

आपल्याला हे नवीन नाही. वगातला सोंगाड्या राजाच्या तोंडावर राजाला बोलतो आणि समोर बसलेल्या गावाला कळतं की हा दरबार कुठला आहे. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तो काम-क्रोधाचा. सांगायचं एक आणि पोहोचवायचं दुसरं, ही आपल्या मातीतली जुनी रीत आहे. छापखाना आल्यावर ती रेघेत उतरली.

तीन प्रकार, तीन वेगळी कामं

लोक सरसकट ‘कार्टून’ म्हणतात, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

हास्यचित्र माणसाच्या स्वभावावर असतं. त्याला तारीख नसते, वीस वर्षांनीही ते तसंच हसवतं. या प्रकारात आपल्या भागाचं देणं मोठं आहे. वसंत सरवटे १९२७ साली कोल्हापुरातच जन्मले. पेशानं सिव्हिल इंजिनिअर, पण ‘ललित’ मासिकाच्या मुखपृष्ठांवर त्यांनी मराठी साहित्याचं अख्खं जग रेखाटून ठेवलं. शि. द. फडणीस १९२५ चे, जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचा. त्यांच्या चित्रांना बहुतेकदा शब्दच लागत नाहीत, म्हणून ती भाषा न कळणाऱ्यालाही कळतात. त्याच्याही आधी, १९२० पासून, किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या मासिकात शं. वा. किर्लोस्कर रूढींवर आणि ढोंगावर चित्रं काढत होते. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्यामुळं कोल्हापूरला कलापूर म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. रेघेची ही दुसरी परंपराही त्याच अभिमानानं सांगितली पाहिजे असं मला वाटतं.

दुसरं अर्कचित्र, म्हणजे चेहऱ्याचा अर्क. याला इंग्रजीत ‘कॅरिकेचर’ हा जो शब्द आहे तो इटालियन भाषेतून आला आणि त्याचं मूळ ‘भार घालणं’ असं आहे. नाक लांब असेल तर त्याच्यावर आणखी भार घालायचा. पण नुसतं मोठं करून भागत नाही. चारचौघांचा सरासरी चेहरा डोळ्यांसमोर आणायचा, आपला माणूस त्या सरासरीपासून कुठं वेगळा आहे ते हेरायचं आणि तेवढंच वाढवायचं. १९८० च्या दशकात सुसान ब्रेनन या संशोधिकेनं हाच नियम वापरून अर्कचित्र काढणारा संगणक प्रोग्रॅम केला. पुढच्या प्रयोगांत दिसलं की ओळखीच्या माणसाचं असं वाढवलेलं रेखाचित्र लोक हुबेहूब रेखाचित्रापेक्षा लवकर ओळखतात. आपली स्मरणशक्तीच बहुधा अर्क काढून चेहरे साठवत असावी. गावात टोपणनावं कशी पडतात ते आठवा, तीच रीत आहे.

अर्कचित्रात किती ताकद असते याचा एक किस्सा फ्रान्सचा आहे. तिथला राजा लुई फिलिप याचं डोकं वर निमुळतं आणि खाली गालांशी फुगलेलं. १८३१ मध्ये शार्ल फिलिपाँ या संपादकावर राजाच्या अवमानाचा खटला चालला. त्यानं कोर्टासमोर चार चित्रं काढली. पहिलं हुबेहूब राजाचं, दुसरं जरा सैल, तिसरं आणखी सैल, आणि चौथं म्हणजे सरळ एक नासपती. यातल्या नेमक्या कुठल्या चित्रापासून गुन्हा सुरू होतो ते सांगा, हा त्याचा सवाल होता. फ्रेंच बोलीत नासपती म्हणजे बावळटही. पुढं फ्रान्सभर भिंतींवर नासपत्या उमटल्या. त्याचाच सहकारी ओनोरे दोमिए यानं राजाला जनतेचा पैसा गिळणारा राक्षस दाखवला आणि १८३२ मध्ये त्याला सहा महिन्यांची कैद भोगावी लागली.

तिसरा प्रकार राजकीय व्यंगचित्राचा. त्यात हास्य आणि अर्क दोन्ही असतात, पण दोन्ही चाकरीला. मालक असतं ते मत. चित्रकाराला त्या दिवशीच्या घटनेबद्दल ठाम काही म्हणायचं नसेल, तर नाक कितीही लांब काढा, चित्र पोकळ राहतं.

एका चित्राचा दिवस

आता सलूनमधल्या चित्राबद्दल सांगतो. ते माझ्या एका मित्राचं होतं. तो शिवाजी पेठेत राहतो, दिवसा शाळेत चित्रकला शिकवतो आणि संध्याकाळी व्यंगचित्र देतो. ज्या दिवशी ते चित्र निघालं त्या दिवशी मी त्याच्याकडंच होतो.

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की "आज किती फूट?" हा पहिला प्रश्न. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत, आणि व्यंगचित्रकाराचं भांडवल हेच असतं: वाचकाला आधीपासून काय माहीत आहे. जे समजावून सांगावं लागतं त्याच्यावर चित्र उभं राहत नाही.

सकाळी त्यानं चार पेपर वाचले होते. कात्रणांच्या फायलीतून मागच्या पुरांची पानं काढून ठेवली होती. शाळा सुटल्यावर घरी आला, चहा घेतला आणि पाठकोऱ्या कागदांवर रफ काढायला बसला. पहिलं रफ नेता होडीतून पाहणी करतोय असं होतं. त्यानं ते लगेच बाजूला सारलं. म्हणाला, "हे आज अजून दहाजण काढत असतील." पहिली सुचलेली कल्पना सगळ्यांनाच सुचते, म्हणून ती टाकायची, हा त्याचा नियम आहे. दुसऱ्यात हेलिकॉप्टर होतं, तेही गेलं. तिसऱ्या कागदावर त्यानं नुसता मोजपट्टीचा खांब काढला आणि बराच वेळ काही केलंच नाही. मग फुटांचे आकडे खोडून त्यांच्या जागी सालं लिहिली. खाली २००५, त्याच्या वर २०१९, त्याच्याही वर २०२१.

मी बघतच राहिलो. फुटांच्या जागी साल आलं आणि खांब बोलायला लागला.

मग बाकीचं जमत गेलं. उजवीकडं कौलारू घर, पाणी कौलांना टेकलेलं, आढ्यावर एक म्हातारी आणि तिच्या कुशीत शेळीचं करडू. डावीकडं खांब. खांबाला शिडी लावून एक माणूस चढलेला, हातात रंगाचा ब्रश, अंगात कडक इस्त्रीचे कपडे. तो २०२१ च्या वर पुढच्या सालासाठी कोरा चौकोन रंगवतोय.

आधी त्या माणसाला त्यानं एका ओळखीच्या नेत्याचा चेहरा दिला होता, उत्तम जमला होता. तरी त्यानं तो खोडला आणि माणूस पाठमोरा केला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मर्दा, तीन पूर, तीन येगळी सरकारं. एकाचं तोंड काढलं की बाकीचे सुटत्यात." चेहरा द्यायचा की प्रातिनिधिक माणूस काढायचा, हा निर्णय या धंद्यातला सगळ्यात मोठा असतो. भ्रष्टाचाराचं एखादं ठळक प्रकरण असेल तर चेहरा हवाच, नाहीतर चित्र भित्रं ठरतं. रोग व्यवस्थेचा असेल तर चेहरा दिल्यानं तो रोग एका माणसापुरता वाटायला लागतो.

शेवटी राहिली ओळ. चित्राखाली त्यानं लिहिलं होतं: ‘पुढच्या वेळची तयारी पूर्ण.’ ती त्यानं अंगठ्यानं झाकली, चित्र माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, "कळतंय?" मी हो म्हणालो. त्यानं ओळ काढून टाकली.

ही अंगठ्याची परीक्षा कुणीही घेऊ शकतं. ओळ झाकल्यावर चित्र मुकं झालं तर तो चित्राला जोडलेला विनोद होता. ओळ झाकूनही मत पोहोचलं तर ते व्यंगचित्र. ओळ वाईट असते असं मी म्हणत नाही. चित्र एक बोलतं आणि ओळ त्याच्या उलट, अशी जोडी जमली तर त्याला तोड नाही. पण चित्रात दिसतंय तेच ओळीत पुन्हा सांगणं म्हणजे वाचकावर अविश्वास.

डावी-उजवीही उगाच नव्हती. आपण मराठी डावीकडून उजवीकडं वाचतो, डोळा चित्रातही तसाच फिरतो. म्हणून आधी खांब, आकडे, शिडीवरचा माणूस, आणि सगळ्यात शेवटी म्हातारी. ती आधी दिसली असती तर चित्र नुसतं करुण झालं असतं. ती शेवटी दिसते, म्हणून राग येतो.

शाई लावायला त्याला अर्धा तास लागला. त्याच्या रेघा ठळक आणि काळ्याभोर असतात, तीही छापखान्यानं लावलेली सवय आहे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात चित्राचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे. चित्राचा फोटो पत्र्यावर उतरवून रेघांखेरीजचा भाग आम्लानं खाऊन काढायचे. बारीक रेघ आम्लात झिजायची, दाट जाळी शाईनं भरून काळा डाग व्हायची. म्हणून जुने चित्रकार ब्रशनं मोकळी, जाड-बारीक होत जाणारी रेघ ओढायला शिकले. आता बरेचजण पडद्यावर पेननं काढतात, ब्लॉक इतिहासजमा झाले, पण ती रेघ टिकली आहे, कारण लांबून तीच दिसते.

माणूस घडतो कसा

या कामाची वेगळी पदवी नाही. कोणी इथल्या कलानिकेतन या चित्रकलेच्या कॉलेजातून येतो, कोणी मुंबईच्या जे. जे. मधून, कोणी कुठूनच नाही. आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. नं प्रवेश नाकारला होता. १९२१ साली म्हैसूरला जन्मलेला हा मुलगा लहानपणापासून खिडकीतून दिसणारं सगळं काढायचा, कावळे तर आयुष्यभर काढत राहिला. मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये काही काळ काम करून ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले आणि तिथं पन्नास वर्षांहून जास्त काळ राहिले.

त्यांच्या ‘कॉमन मॅन’चा जन्मही वेळेच्या टंचाईतून झाला. सुरुवातीला ते चित्रात बंगाली, पंजाबी, मद्रासी अशी बरीच माणसं काढायचे. रोज एवढी गर्दी काढायला वेळ पुरेना. एकेकाला वगळत गेले आणि उरला चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि कानांवर पांढरे केस असलेला एकटा म्हातारा. तो कधी बोलत नाही. मंत्री, अधिकारी, बायको, सगळे त्याच्यासमोर बोलतात आणि हा बघत असतो. तो गप्प राहतो म्हणून त्याच्या जागी आपण उभे राहू शकतो. बोलला असता तर त्याला एक भाषा लागली असती, एक पक्षही.

याच युक्तीचं दुसरं रूप पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अली यांच्या हंदालात दिसतं. दहा वर्षांचा अनवाणी मुलगा, हात मागं बांधलेले, आपल्याकडं पाठ. तोही नुसता बघतो. नाजी अल-अली यांच्यावर १९८७ मध्ये लंडनच्या रस्त्यात गोळी झाडली गेली आणि महिन्याभरानं ते गेले. हंदाला मात्र आजही भिंतीभिंतीवर आहे.

लक्ष्मण यांच्यासोबत ‘फ्री प्रेस’मध्ये काम करणारे दुसरे चित्रकार होते बाळ ठाकरे. त्यांनी १३ ऑगस्ट १९६० ला ‘मार्मिक’ सुरू केलं, प्रकाशन यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं. मुख्यमंत्र्यांनी एका व्यंगचित्र साप्ताहिकाचं प्रकाशन करावं, यातला मोकळेपणा मला आज फार मोलाचा वाटतो. पुढं त्या साप्ताहिकातूनच १९६६ ची शिवसेना उभी राहिली. व्यंगचित्रकाराच्या कारकिर्दीला असं वळण जगात फार क्वचित मिळालं असेल. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असू दे, पण ब्रशच्या जोरदार फटक्यात अख्खा माणूस उभा करायची त्यांची हातोटी प्रत्येक शिकणाऱ्यानं बघावी अशी आहे. व्यंगचित्रकार सत्तेच्या राजकारणात उतरला की तो स्वतःच इतरांच्या चित्रांचा विषय होतो. मला विचाराल तर चित्रकारानं खुर्चीपासून चार हात लांब राहावं, पण हे झालं माझं मत.

मित्राला मी एकदा विचारलं, हात चांगला असणं महत्त्वाचं की डोकं? त्यानं उत्तरादाखल कपाट उघडून दाखवलं. एका कप्प्यात रंग आणि ब्रश, बाकीच्या चार कप्प्यांत कात्रणं. महापालिकेचे अर्थसंकल्प, ऊसदराची आंदोलनं, ‘गोकुळ’ दूध संघाच्या निवडणुका, टोलविरोधी लढा, पाण्याची थेट पाइपलाइन. प्रत्येक फायलीवर खडूनं नाव घातलेलं.

चित्राला कोण घाबरतं

दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर पिल्लै यांनी १९४८ मध्ये ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं. उद्घाटनाला आलेल्या नेहरूंनी त्यांना सांगितलं की मलाही सोडू नका. शंकर यांनी तो शब्द पाळला आणि नेहरूंनी मैत्री तोडली नाही. १९७५ मध्ये आणीबाणीच्या वर्षी ते साप्ताहिक बंद झालं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अबू अब्राहम यांचं एक चित्र आलं. राष्ट्रपती बाथटबमध्ये आंघोळ करतायत, दारातून हात बाहेर काढून सही केलेला वटहुकूम परत देतायत आणि आणखी असतील तर जरा थांबायला सांगा म्हणतायत. देशात सेन्सॉर होता. आणीबाणीवर शेकडो पुस्तकं झाली, पण लोकशाहीतली पदं रबरी शिक्के कशी होतात हे त्या एका टबाइतकं लख्ख मला कुठं वाचायला मिळालं नाही.

तमिळनाडूत १९८७ मध्ये ‘आनंद विकटन’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आमदार आणि मंत्र्यांवर एक विनोदी चित्र आलं. विधानसभेनं हक्कभंग ठरवून संपादक बालसुब्रमणियन यांना तीन महिन्यांची कैद सुनावली. ओरड झाल्यावर काही दिवसांत सोडावं लागलं. पुढं ते कोर्टात गेले, जिंकले आणि एक हजार रुपयांची भरपाई मिळवली. आपल्या मुंबईत २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारवर कडक टीका केली म्हणून राजद्रोह होत नाही, हिंसेला किंवा सार्वजनिक अशांततेला चिथावणी असावी लागते.

हे सगळं वाचून चित्रकार म्हणजे नेहमी हुतात्मा असं मात्र समजू नये. चित्र चुकतंही, आणि चुकलं की खोल जखम करतं.

१९४९ मध्ये शंकर यांनी घटना तयार व्हायला लागणाऱ्या वेळेवर चित्र काढलं होतं. घटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर हातात चाबूक घेतलेले बाबासाहेब आणि मागं चाबूक उगारलेले नेहरू. ते चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात होतं. २०१२ मध्ये त्यावरून संसदेत वादळ झालं. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची तोडफोड झाली. तोडफोडीचं समर्थन होऊच शकत नाही. पण ज्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर वळ सोसले, त्याला आपल्या उद्धारकर्त्यामागं चाबूक उगारलेला दिसला तर काय वाटेल, हा प्रश्न खरा आहे. शंकर यांना दोघांनाही घाई झालेली दाखवायची होती. त्यांचा हेतू आणि चाबकाचा इतिहास, दोन्ही त्या चौकटीत एकत्र आले. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली माणगाव परिषद जिथं झाली त्या कोल्हापूर जिल्ह्यात बसून मला यातली एकही बाजू सहज झटकता येत नाही.

२०१६ मध्ये मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. मुली आणि बायका पुढं, लाखोंची गर्दी आणि घोषणा एकही नाही. कोल्हापूरचा मोर्चा ज्यांनी बघितला त्यांना ती शांतता विसरता येणार नाही. त्याच दिवसांत एका मराठी दैनिकाच्या पुरवणीत ‘मूक’ शब्दावर कोटी करून त्याचा ‘मुका’ करणारं चित्र आलं. संताप झाला, माफी मागावी लागली. तिथं नेमकं काय चुकलं ते बघा. शब्दाची कोटी आधी सुचली आणि मत नंतरही आलं नाही. निशाणा सत्तेवर नव्हता, रस्त्यावर गप्प चालणाऱ्या बायकांवर होता. माझ्या टेबलावर ते आलं असतं तर मी थांबवलं असतं का? संध्याकाळची घाई, पान सोडायची वेळ, कोटी जमलेली. मी थांबवलंच असतं असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही, आणि त्याच भीतीपोटी मी पुढं प्रत्येक चित्र दोनदा बघायला लागलो.

पोटापाण्याचं

पगारी व्यंगचित्रकार ठेवणारी दैनिकं आता बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे चित्रामागं पैसे घेतात, आणि ते पैसे महिन्याचा किराणा भागवतील असे नसतात. माझा मित्र एका वृत्तपत्रासाठी सलग तीन वर्षं रोज चित्र देत होता. एक दिवस कागदाचे भाव वाढले म्हणून पानं कमी झाली आणि पहिली गेली ती त्याची चौकट. तसा एक फोन आला, तोही शिकाऊ मुलाचा. हे मोठ्या देशांतही झालंय. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं २०१९ मध्ये आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली राजकीय व्यंगचित्रं कायमची थांबवली. अमेरिकेतल्या पुलित्झर या पत्रकारितेच्या पुरस्कारांत १९२२ पासून व्यंगचित्राचं स्वतंत्र पारितोषिक होतं, २०२२ मध्ये ते चित्रमय वार्तांकनाच्या मोठ्या गटात मिसळलं.

मित्र आता रोजचं चित्र मोबाइलवरून टाकतो. वाचक पूर्वीपेक्षा किती तरी जास्त. निवडणुकीच्या दिवसांत त्याचं चित्र सकाळी सातला निघतं आणि गुलाल उधळायच्या आत आजऱ्यापासून शिरोळपर्यंत फिरून आलेलं असतं. पण फिरता फिरता त्याचे लचके तुटतात. कोणी खालची ओळ कापून आपल्या पक्षाची घालतं, कोणी कोपऱ्यातली सही छाटून टाकतं. पुराचं ते चित्र दोन वर्षांनी त्याच्याकडंच आलं, त्याच्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. आढ्यावरच्या म्हातारीच्या तोंडी दुसऱ्याच कुणाची तरी घोषणा घातलेली होती.

तेव्हापासून तो कोपऱ्यात सही करत नाही. चित्राच्या आत, जिथून ती कापली तर चित्रच मोडेल अशा ठिकाणी करतो: उसाच्या पाल्यात, शर्टाच्या सुरकुतीत, खुर्चीच्या पायावर. पुराचं चित्रही त्यानं पुन्हा काढलं. रेघ न्‌ रेघ तशीच. मी सही शोधत होतो, सापडेना. त्यानं बोट पाण्यावर ठेवलं. लाटांच्या आडव्या रेघांखाली, बुडालेल्या घराच्या उंबऱ्यावर, रांगोळीच्या वळणात त्याचं नाव होतं.